जुनं छोटं विमान हँगरमध्ये उचलताना, हलवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या विमानांच्या देखभालीत हात काळे करायला लागल्यापासून ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. कुणी क्लबच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेलं विमान बाहेर काढत असतं, तर कुणाला नुसतं चाक बदलायचं असतं. त्याच प्रश्नांची उत्तरं इथे आहेत. लिहिताना तीन विमानं डोळ्यांपुढे होती: अमेरिकेचं पायपर जे-३ कब, ब्रिटनचं डी हॅविलंड टायगर मॉथ आणि आपल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं पुष्पक. पुष्पक पहिल्यांदा उडालं २८ सप्टेंबर १९५८ ला, आणि पुढे देशभरच्या फ्लाइंग क्लबांत कितीतरी जण त्याच्यावर शिकले. तिन्ही दोन आसनांची, अंगावर कापड ताणलेली आणि शेपटीवर बसणारी आहेत. म्हणजे मोठी दोन चाकं पुढे, आणि शेपटीखाली एक छोटं चाक किंवा नुसता स्किड, म्हणजे जमिनीवर घासत जाणारा दांडा.

तुमच्या विमानाची देखभाल-पुस्तिका आणि त्याची जबाबदारी घेतलेला परवानाधारक इंजिनिअर यांचा शब्द या पानाच्या वरचा.

१. अशा विमानाचं वजन किती असतं? चार जणांनी मिळून उचललं तर?

रिकामं कब साधारण ३१० ते ३४५ किलो भरतं, पुष्पक ३९५ किलोच्या आसपास आणि टायगर मॉथ ५०६ किलोच्या आसपास. मारुती ८०० देखील याहून जड असते. सपाट फरशीवर कब ढकलायला दोन माणसं पुरतात.

पण माणसं लागतात ती वजनासाठी नाही, लांबी-रुंदीसाठी. कबचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०.७४ मीटर, आणि विमानाची लांबी ६.८३ मीटर. ढकलणाऱ्याला पंखांची टोकं दिसतच नाहीत. म्हणून कमीत कमी तीन जण हवेत: पंखाच्या प्रत्येक टोकाशी एक आणि शेपटीशी एक. टोकाशी उभे असलेले दोघं ढकलत नाहीत, फक्त बघतात.

सगळं विमान हातांवर उचलायचं नाही. चार जणांनी ‘हर हर महादेव’ म्हणत उचललं तर ते उचललंही जाईल. पण तेवढा भार आठ पंजांखाली ज्या जागी येतो, त्या जागा त्या भारासाठी केलेल्याच नसतात.

२. हात नेमका कुठे लावायचा आणि कुठे लावायचा नाही?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

कापडाखाली काय आहे ते ओळखायला शिका. विमानाचं धड म्हणजे पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर पातळ लाकडी किंवा धातूच्या पट्ट्या, आणि त्यावर कापड. नळ्या जिथे एकमेकींना भेटतात तो सांधा मजबूत असतो. दोन सांध्यांच्या मधली नळी आडव्या धक्क्याने वाकते, आणि मधलं कापड तर अंगठ्यानेही फाटेल. हवेत हे विमान आपल्या वजनाच्या कितीतरी पट भार सोसतं, पण तो सगळ्या पृष्ठभागावर पसरलेला असतो. तुमचा तळहात मात्र सगळा जोर चार बोटांच्या जागेत देतो.

ढकलायच्या जागा अशा: चाकांचे पाय, शक्य तितकं आसाच्या जवळ. कब आणि पुष्पकमध्ये पंखाला आधार देणाऱ्या तिरक्या दांड्याचं टोक, एकतर धडाजवळचं किंवा पंखाजवळचं. टायगर मॉथमध्ये वरच्या-खालच्या पंखांमधल्या उभ्या दांड्याचा पायथा. दांड्याच्या मध्यावर कधीच जोर द्यायचा नाही. पायपरचे जुने दांडे आतून गंजतात, त्यांची सक्तीची तपासणी ठरलेली आहे. असल्या दांड्याला पोचा आला तर ती किरकोळ गोष्ट राहत नाही.

हात न लावायच्या जागा जास्त आहेत. एलेरॉन, एलेव्हेटर, रडर, म्हणजे पंखांच्या आणि शेपटीच्या मागच्या कडेचे हलते भाग, यांच्यातलं काहीही नको. पंखाची मागची कड नको. टेलप्लेनचं, म्हणजे शेपटीच्या आडव्या पंखाचं, टोक नको. ताणलेल्या तारा नकोत. कबच्या मोठ्या दांड्याला आधार देणारे बारीक दांडे, टायगर मॉथच्या वरच्या पंखाच्या पुढच्या कडेवरची आपोआप उघडणारी पट्टी (स्लॅट), वेग मोजणारी पिटो नळी, इंजिनावरचे पत्रे, एक्झॉस्ट, हेही नकोत. टायगर मॉथच्या खालच्या पंखावर पाय ठेवायचा तो फक्त धडालगतच्या पायवाटेच्या पट्टीवर.

अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा, पट्ट्याचं बक्कल झाका. हसू नका, डोपने, म्हणजे वार्निशासारख्या लेपाने, ताणलेल्या कापडावरचे निम्मे ओरखडे बक्कलचे असतात असं माझं मत झालं आहे.

३. प्रोपेलर धरून ओढलं तर सोपं जातं. चालतं का?

सोपं जातं हे खरं. तरी मी कुणाला ओढू देत नाही.

या इंजिनांना ठिणगी देतो तो मॅग्नेटो, आणि मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. स्विच ‘बंद’ केल्यावर मॅग्नेटोची एक तार जमिनीला, म्हणजे इंजिनाच्या अंगाला, जोडली जाते आणि ठिणगी थांबते. ती तार कुठेतरी तुटलेली असेल तर स्विच ‘बंद’ दाखवतो आणि मॅग्नेटो मात्र जिवंत राहतो. सिलिंडरमध्ये उरलेली पेट्रोलची वाफ एका फटक्यापुरती असली तरी हात तोडायला तेवढी पुरते. मॅग्नेटोला इम्पल्स कपलिंग (त्याला झटका देणारा स्प्रिंगचा जोड) असेल तर प्रोपेलर हळू फिरवला तरी जोरदार ठिणगी पडते. तो ‘टक’ असा आवाज ऐकला असेलच.

पुस्तिका परवानगी देत असेल आणि दुसरा इलाजच नसेल, तर स्विच बंद, पेट्रोलचा कॉक बंद, कॉकपिट रिकामं, आणि हात फक्त बुंध्याजवळ. टोकाला कधीच नाही. प्रोपेलरच्या चक्राच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. लाकडी प्रोपेलरचं टोक ओढलं की त्याचे चिकटवलेले थर सुटायला लागतात, ही दुसरी भानगड.

४. शेपूट उचलून फिरवायचं की शेपटीच्या चाकावर?

चाक असेल आणि ते मोकळं फिरत असेल, तर चाकावरच. काही विमानांत शेपटीचं चाक रडरला जोडलेलं असतं आणि ठरावीक कोनापर्यंतच वळतं. त्यापुढे जोर केला तर स्प्रिंग आणि जोडण्या वाकतात. चाक पूर्ण मोकळं होतं की नाही हे आधी पाहून घ्या.

मूळ टायगर मॉथला शेपटीखाली चाकच नव्हतं, स्किड होता, आणि ब्रेकही नव्हते. हे विमान गवताच्या मैदानांसाठी केलेलं. गवतावर स्किड घासतो आणि तोच ब्रेकचं काम करतो. सिमेंटच्या फरशीवर मात्र स्किड झिजतो, फरशीवर रेघोट्या येतात आणि प्रत्येक सांध्यावर शेपटीला हिसका बसतो. तिथे स्किडखाली छोटी चाकांची ढकलगाडी घालणं सगळ्यांत बरं. ती घरी बनवता येते: जाड फळी, स्किड बसेल अशी खाच, खाचेला गोणपाटाचं अस्तर आणि वरून बांधायला पट्टा. पट्टा विसरलात तर दाराच्या रुळावर शेपूट गाडीवरून उडी मारतं.

हाताने उचलायचं असेल तर धडाच्या शेवटच्या भागाखालून, नळ्यांच्या सांध्याजवळून उचला. टेलप्लेनला धरून नाही. काही विमानांना त्यासाठी मूठ बसवलेली असते. कबचं शेपूट एकटा माणूस उचलतो. टायगर मॉथसाठी दोघं घ्या. किती वर उचलायचं हे फार महत्त्वाचं आहे, त्यासाठी प्रश्न १० पाहा.

५. हलवताना हुकूम कुणी द्यायचा?

एकाने. मंडळाचा मोठा गणपती मांडवातून बाहेर काढताना पाहिला असेल. हात पन्नास असले तरी आवाज एकाचाच असतो, आणि त्याने स्वतः हात लावलेला नसतो. इथेही तसंच.

याला एकच अपवाद: ‘थांब’ कुणीही म्हणू शकतो, आणि ते ऐकलं की सगळे थांबतात. का म्हणाला, हे थांबल्यावर विचारायचं. शिकाऊ मुलाने उगाच ‘थांब’ म्हटलं म्हणून त्याला झापू नका. झापलंत तर पुढच्या वेळी तो गप्प राहील आणि पंख भिंतीला लागेल.

सुरुवात करण्याआधी चालत एक फेरी मारा: चाकांपुढचे चोक (अडवणारे लाकडी ठोकळे), बांधलेल्या दोऱ्या, फरशीवरचं तेल, वर लोंबणारा दिवा, दाराचा रूळ. हँगरमधलं बहुतेक नुकसान शेवटच्या दोन मीटरमध्ये होतं. तोवर सगळे गप्पा मारायला लागलेले असतात.

६. जीपला किंवा ट्रॅक्टरला बांधून ओढलं तर?

हँगरच्या आत नको. वाहनाचा चालक मागे बघू शकत नाही, आणि दोरीने ओढलेलं विमान थांबवता येत नाही. गाडी थांबते, विमान पुढे येत राहतं. बाहेर लांबवर न्यायचं असेल तर ताठ टो-बार, म्हणजे ओढायचा दांडा, वापरा. तो शेपटीच्या चाकाला लावतात आणि विमान शेपूट पुढे करून चालतं. वेग माणसाच्या चालीएवढा. वळताना एक चाक जागीच अडकवून त्याच्याभोवती विमान गरगर फिरवू नका. टायर आणि चाकाचा पाय दोघांनाही आडवा पीळ बसतो. दोन्ही चाकं फिरत राहतील असं मोठं वळण घ्या.

७. जागा कमी आहे. एका विमानाचा पंख दुसऱ्याच्या पंखाखाली सरकवून ठेवू का?

सगळेच ठेवतात, मीही ठेवतो. पण किती फट सोडता? ‘बोटभर’ असं उत्तर येतं तेव्हा मी एक हिशेब सांगतो.

समजा, वरच्या विमानाच्या दोन चाकांत १.८ मीटर अंतर आहे आणि पंखाचं टोक मध्यापासून ५.४ मीटरवर आहे. रात्रीत एका चाकाची हवा गेली आणि ती बाजू ५ सेंटिमीटर बसली. विमान दुसऱ्या चाकावर कलंडतं आणि बसलेल्या बाजूचं टोक साधारण १७ सेंटिमीटर खाली येतं. म्हणजे सकाळी हँगर उघडता तेव्हा वरचा पंख खालच्याच्या कापडात रुतलेला असतो. यात कुणाची चूक नाही, फक्त व्हॉल्व्ह जुना झालेला असतो.

वीत-दीड वीत फट ठेवा, टायरची हवा नियमित बघा, आणि दोन्ही विमानांना चोक लावा. चोक म्हणजे घाटात ट्रकच्या चाकाला दगड लावतात त्यातलाच प्रकार, फक्त लाकडी ठोकळ्यांचा आणि दोन्ही बाजूंनी.

८. फक्त एक चाक बदलायचं आहे. गाडीचा बाटली-जॅक चालेल का?

जॅकची ताकद पुरेशी असते. प्रश्न असतो तो टेकवायच्या जागेचा. पुस्तिकेत सांगितलेल्या जागी, बहुधा आसाजवळ, टेकवायचा. जॅकच्या डोक्यावर कठीण लाकडाचा ठोकळा ठेवा आणि त्यात आस बसेल अशी खाच करा. गुळगुळीत लोखंडावर गुळगुळीत लोखंड ठेवू नका.

दुसऱ्या चाकाला पुढून-मागून चोक लावा, शेपूट बांधा, आणि फक्त टायर फरशीपासून सुटेल एवढंच उचला. जॅकशेजारी लगेच घोडी सरकवा. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी घोडी.

आणि एक गोष्ट, जी गाडीच्या मेकॅनिकला सवयीची नसते. अशा बऱ्याच विमानांच्या चाकाचे दोन अर्धे भाग बोल्टने एकत्र जोडलेले असतात. टायरमधली हवा पूर्ण काढल्याशिवाय ते बोल्ट सोडायचे नाहीत. आत हवा असताना शेवटचा बोल्ट निघाला तर चाकाचे दोन भाग गोळीसारखे उडतात.

९. सगळं विमान जॅकवर घ्यायचं आहे. क्रम काय?

आधी दारं बंद. बाहेर झुळूक असली तरी बंद. कबच्या पंखाचं क्षेत्रफळ १६.६ चौरस मीटर आहे, आणि पूर्ण भरलेलं कब ताशी साठेक किलोमीटर वेगापर्यंत हवेत तरंगत राहतं. रिकामं असलं तर त्याहून कमी वेगातही. जॅकवर चढलेलं विमान वाऱ्याच्या दृष्टीने अर्धं उडालेलंच असतं.

फरशी पाणसळीने तपासा. उतार असेल तर दुसरी जागा शोधा. जॅकखाली फळ्यांचे थर रचून उतार भरायचा नाही. आत कुणी बसायचं नाही आणि कुणी काही काढायचं नाही. ‘मागच्या सीटवरची बॅग तेवढी घेतो’ म्हणून चढलेला माणूस मी पाहिला आहे.

शेपटीला वजन द्या. वाळूची पोती धडावर ठेवू नका, शेपटीच्या चाकाच्या जोडणीशी बांधून खाली लोंबकळू द्या. मग दोन्ही बाजू आळीपाळीने, थोड्या थोड्या उचला. एका बाजूला दोघं जॅक चालवतात आणि दुसऱ्या बाजूचा चहा प्यायला गेलेला असतो, असं करायचं नाही. प्रत्येक टप्प्याला घोडीची खीळ वरच्या भोकात घाला, म्हणजे जॅकचं तेल सुटलंच तरी विमान फक्त एका भोकाएवढंच खाली येईल.

आणि जॅक उभा आहे का ते सतत बघा. या विमानांचे चाकांचे पाय रबरी दोऱ्यांवर किंवा स्प्रिंगवर असतात. वजन निघालं की पाय आत ओढले जातात आणि त्यांच्याखाली टेकवलेला जॅक तिरका व्हायला लागतो. तिरका दिसला की खाली घ्या, नीट लावा, पुन्हा उचला. या कामात घाई झालेली मला चालत नाही. दिवसभरात दोनदा खाली-वर करावं लागलं तरी हरकत नाही.

१०. वजन-संतुलन मोजायला विमान आडवं समतल करायचं आहे. शेपूट घोडीवर ठेवलं की झालं?

ठेवलं आणि बांधलं की झालं. अशा विमानांचं वजन मुख्य चाकांच्या किंचित मागे असतं, म्हणून शेपूट खाली बसतं. शेपूट वर न्याल तसा गुरुत्वमध्य पुढे सरकत जातो. समतल अवस्थेत शेपटीवर अगदी थोडा भार उरतो, आणि त्याहून वर नेलं की गुरुत्वमध्य चाकांच्या पुढे जातो. तिथून विमान नाकावर पडायला तयारच असतं, आणि नाकावर प्रोपेलर आहे.

म्हणून घोडीवर खाच, खाचेत गोणपाट, वरून पट्टा, आणि पट्टा घोडीला नाही तर फरशीतल्या कडीला किंवा जड वजनाला. समतल आहे की नाही हे पाहायला बऱ्याच विमानांत धडावर खुणा किंवा ओळंबा टांगायची जागा दिलेली असते. पुढून कुणी इंजिनावर रेलून फोटो काढणार नाही, याची जबाबदारी एकाला नेमून द्या. हे मी गमतीत सांगत नाही.

११. जॅकवरून खाली उतरवताना चाकं फरशीला चिकटल्यासारखी होतात आणि विमान तिरकं उभं राहतं. काही बिघडलं का?

बिघडलेलं नाही. प्रश्न ९ मध्ये सांगितलं तसे वर असताना पाय आत ओढले गेले होते. खाली येताना वजन पडतं आणि पाय बाहेर फाकायला बघतात, पण रबरी टायर फरशीवर घट्ट धरून बसतो. मग टायर तिरका होतो, आणि एक पाय फाकला नि दुसरा नाही, असं होऊ शकतं.

उपाय जुना आहे: प्रत्येक चाकाखाली दोन पातळ पत्रे, मध्ये ग्रीस. चाक टेकलं की वरचा पत्रा सरकतो आणि पाय आपसूक फाकतो. पत्रे नसतील तर खाली उतरवल्यावर जॅक-घोड्या पूर्ण बाजूला घ्या, मग विमान एक-दोन मीटर पुढे-मागे ढकला. ते आपोआप बसतं. पंखाचं टोक धरून गदागदा हलवू नका, ही सवय मला फार ठिकाणी दिसते.

१२. वर लोखंडी तुळई आहे, चेनब्लॉक (साखळीने वजन उचलायची कप्पी) आहे. वरूनच उचलू का?

पुस्तिकेत उचलण्याच्या जागा दिल्या असतील तरच, आणि त्याच जागांना. इंजिनाच्या माथ्यावर कडी दिसते म्हणून तिला हूक लावून सगळं विमान उचलायची कल्पना लोकांना हमखास सुचते. ती कडी एकट्या इंजिनासाठी आहे. कबचं कॉन्टिनेंटल ए-६५ इंजिन सुमारे ७७ किलोचं असतं, कडी तेवढ्यासाठी.

आता कोनाचं बघू. दोन जागांना पट्टे लावून वर एका हुकात आणले, तर पट्ट्यांचा कोन जितका पसरट, तितका प्रत्येक पट्ट्यावरचा ताण जास्त. ३५० किलोच्या विमानाला पट्टे आडव्या रेषेपासून ६० अंशांवर असतील तर प्रत्येकी सुमारे २०० किलो. ४५ अंशांवर सुमारे २५०. ३० अंशांवर प्रत्येकी पूर्ण ३५० किलो, आणि त्यातला तीनशे किलोचा वाटा दोन्ही जागांना आतल्या बाजूला दाबतो. धड सुपारीसारखं अडकित्त्यात. म्हणून वर आडवी पसरणी-दांडी घाला, म्हणजे पट्टे सरळ खाली उतरतील.

पट्टे रुंद कापडी हवेत. साखळी नळीवर थेट गुंडाळायची नाही. आणि तुळईवर कुणीतरी खडूने ‘१ टन’ लिहिलेलं असलं म्हणून ती एक टन पेलते असं धरून चालू नका.

१३. इंजिन काढून ठेवलं आहे, किंवा पंख काढले आहेत. मग काय बदलतं?

सगळा तोल बदलतो. इंजिन काढलं की शेपूट एकदम जड होतं. कालपर्यंत एकटा उचलायचा ते आज कंबर धरतं. टायगर मॉथचं जिप्सी मेजर इंजिन तर कबच्या इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट वजनाचं. तिथे फरक आणखी मोठा.

पंख काढले की उलट. चाकं साधारण पंखाच्या पुढच्या कडेखाली असतात, म्हणजे पंखांचं वजन चाकांच्या मागे पडतं. ते गेलं आणि इंजिन जागेवरच राहिलं, तर शेपूट हलकं होतं आणि थोडंसं उचलताच नाक खाली जातं. पंख काढलेलं धड हलवताना शेपटीला वजन बांधा.

पंख काढताना आधी दुसऱ्या बाजूच्या पंखाला, दांड्याच्या जोडणीजवळ, घोडीचा आधार द्या. एक पंख निघाला की विमान दुसऱ्या बाजूला कलतं. काढलेला पंख पुढची कड खाली करून गादीच्या पाळण्यात उभा ठेवा. धरायचा तो मुख्य तुळईच्या टोकांना आणि दांड्याच्या जोडणीजवळ, मागच्या कडेला धरून नाही.

१४. आमच्या विमानाला नाकाखाली चाक आहे. हेच सगळं लागू होतं का?

हात कुठे लावायचा (प्रश्न २), प्रोपेलर (प्रश्न ३) आणि हुकूम (प्रश्न ५) हे सगळं जसंच्या तसं लागू. तोल मात्र उलटा. तिथे वजन मुख्य चाकांच्या पुढे असतं, त्यामुळे इंजिन काढल्यावर विमान मागे शेपटीवर आपटण्याची भीती असते. इंजिन काढण्याआधी शेपटीखाली घोडी लावायची.

१५. मॉथचे पंख दुमडतात असं ऐकलंय. मग दुमडून कोपऱ्यात का ठेवत नाहीत?

कुठली मॉथ, त्यावर अवलंबून. डी हॅविलंडच्या बऱ्याच विमानांच्या नावात मॉथ आहे. जिप्सी मॉथचे पंख दुमडतात, पस मॉथचे आणि लेपर्ड मॉथचेही. टायगर मॉथचे दुमडत नाहीत. तिचा वरचा पंख पुढे सरकवलेला आणि पंख मागे झुकवलेले, त्यामुळे ते जमत नाही. नाव सारखं म्हणून जोर करून बघू नका.

पस मॉथ आपल्या ओळखीची. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन उतरले, ते तिच्यातूनच. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, त्यांनी तेच उड्डाण पुन्हा केलं तेव्हा विमान लेपर्ड मॉथ होतं.

जिप्सी मॉथचे पंख दुमडताना पुढच्या खिळी काढण्याआधी तात्पुरता आधार-दांडा आतल्या बाजूला बसवावा लागतो. तो विसरलात तर दोन्ही पंखांची चौकट मुडपते. आणि दुमडल्यावर पंखांचं सगळं वजन मागे जातं, त्यामुळे शेपूट किती जड झालं ते बघूनच उचलायला वाका.

१६. टाकीत पेट्रोल असताना उचललं तर?

चाकाएवढं काम असेल तर चालतं, पूर्ण जॅकिंगला शक्यतो नको. कबची टाकी (सुमारे ४५ लिटर) इंजिनाच्या मागे, पुढच्या आसनासमोर असते. टायगर मॉथची (सुमारे ८६ लिटर) वरच्या पंखाच्या मधोमध. साठेक किलो वजन इतक्या उंचावर असलं की विमान जॅकवर डोलायला लागतं. वजन मोजायचं असेल तर टाकीत किती पेट्रोल असायला हवं ते पुस्तिकेत दिलेलं असतं.

पेट्रोल काढताना विमान आणि डबा तारेने जोडा, वाफ बाहेर जावी म्हणून दारं उघडा, आणि त्या वेळी जॅकिंग करू नका. उघड्या दारांचं कारण आणि बंद दारांचं कारण (प्रश्न ९) एकाच वेळी सांभाळता येत नाही.

१७. पावसाळ्यात काही वेगळं करावं लागतं का?

फरशी पुसा. कोकणपट्टीत जुलैमध्ये फरशीला नुसत्या हवेनेच घाम येतो आणि जॅकचा पाया सरकतो. लाकडी ठोकळे आणि घोड्या ओल धरतात, त्यांना चिरा पडल्या आहेत का बघा. विमान महिनाभर घोडीवर ठेवायचं असेल तर रोज एकाने फेरी मारून पट्टे आणि खिळी तपासायच्या.

आणि हलवायच्या आधी शेपटीत डोकावा. साळुंक्या आत घरटं बांधतात. रडरच्या तारांत अडकलेलं गवत हलवताना कळत नाही, नंतर कळतं.

१८. हलवताना थोडं लागलं. कापड फाटलेलं नाही, नुसता पोचा आहे. सांगायलाच हवं का?

हो, त्याच दिवशी, आणि नोंदवहीत. विमानाची जबाबदारी ज्या परवानाधारक इंजिनिअरवर आहे, त्याने बघितल्याशिवाय ते उडायचं नाही. कापडावर काही दिसत नसलं तरी आतली लाकडी पट्टी तुटलेली असू शकते. एका क्लबात एलेव्हेटरला शिडी लागली होती आणि कुणी बोललं नाही. आठवड्याने तपासणीत कळलं की आतली नळी वाकलेली. शोधाशोध झाली, आरोप झाले, आणि ज्याच्याकडून झालं तो मुलगा पुन्हा हँगरकडे फिरकला नाही. तो चांगला हात होता.

१९. विमान उडवायचं नाही, संग्रहालयात छताला कायमचं टांगायचं आहे. प्रश्न १२ प्रमाणे करू का?

नाही. प्रश्न १२ मधलं उचलणं तासा-दोन तासांचं असतं. टांगणं वीस वर्षांचं. इमारतीच्या छताचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअर करेल, विमानाच्या सांगाड्याचा विमानाचा इंजिनिअर, आणि दोघांनी एकाच कागदावर सही करायला हवी. पेट्रोल, तेल, बॅटरी सगळं आधी काढा. तारा दुहेरी घ्या, म्हणजे एक तुटली तरी दुसरी पूर्ण वजन धरेल. टांगल्यावर तारांचा ताण आणि गंज वर चढून बघता येईल अशी सोय आधीच ठेवा, कारण खाली एकदा काचेची कपाटं मांडली की शिडी लावायला जागा उरत नाही.